विश्लेषण : रस्त्याकडेला सोडलेली ट्रॉली नेमकी कोणाची?

उसाचा हंगाम सुरू झाला की अंधारात उभी असलेली ट्रॉली हा नेहमीचा धोका बनतो. ती तिथे का थांबते, रात्री दिसत का नाही आणि कायद्याने जबाबदार कोण, याचा आढावा.

शहरात ‘ट्रॉली’ म्हटले की मॉलमधली चाकांची जाळीदार टोपली डोळ्यांसमोर येते. बीड जिल्ह्यातील परळी तालुक्यात, सिरसाळ्याला ट्रॉली म्हणजे ट्रॅक्टरचीच. ऊस, कडबा, वाळू, विटा, लग्नाचे वऱ्हाड आणि ऊसतोडीला निघालेला आख्खा संसार तिच्यातूनच जातो.

या दोन ट्रॉल्यांत एक साम्य मात्र आहे. दोन्हींना स्वतःचे इंजिन नाही. ढकलणारा किंवा ओढणारा निघून गेला की त्या जागच्या जागी राहतात. परदेशात दुकानाची ट्रॉली नाल्यात किंवा बसथांब्यावर सापडते तेव्हा लोक तिचा फोटो काढून हसतात. ट्रॅक्टरची भरलेली ट्रॉली रात्री डांबरी रस्त्यावर सापडते तेव्हा हसण्यासारखे काही उरत नाही.

सिरसाळा हे परळी ते तेलगाव, बीड या वाटेवरचे गाव. परळीकडे पांगरी आणि बीडकडे तेलगाव ही दोन्ही साखर कारखान्यांची गावे. परळीच्या औष्णिक वीज केंद्राची राख वाहणारे टिपर, एसटी, दुचाक्या आणि उसाची वाहने असा सगळा भार या भागातील रस्त्यांवर एकत्र येतो. त्यामुळे कडेला उभी राहिलेली एक ट्रॉलीही इथे महाग पडू शकते.

ट्रॉली रस्त्यात सुटते कशी?

ट्रॉली सोडून देणे हा बहुतेक वेळा निव्वळ बेफिकिरीचा प्रकार नसतो. त्यामागे उसाच्या वाहतुकीची रीत आहे.

पहिले कारण शेतातली वाट. काळ्या जमिनीत पाणी दिलेले असेल किंवा अवकाळी पाऊस झाला असेल तर भरलेल्या दोन ट्रॉल्या एका ट्रॅक्टरला निघत नाहीत. मग एकेक ट्रॉली बाहेर काढली जाते, कधी दुसरा ट्रॅक्टर पुढे जोडून ‘टोचन’ लावले जाते. पहिली ट्रॉली डांबरी रस्त्याच्या कडेला उभी करून चालक दुसरी आणायला परत शेतात जातो. तो परत येईपर्यंत भरलेली ट्रॉली रस्त्यावर एकटी असते.

दुसरे कारण चढ. जड ओझ्याने ट्रॅक्टरची पुढची चाके उचलू लागली की एक ट्रॉली खाली सोडून दुसरी आधी वर नेली जाते.

तिसरे कारण बिघाड. टायर फुटणे, एक्सल तुटणे, जोडणीची पिन निसटणे किंवा एका बाजूला कललेली ट्रॉली आणखी कलणे. पंक्चरवाला किंवा मेकॅनिक सकाळीच मिळणार असेल तर रात्र रस्त्यावरच काढावी लागते.

चौथे कारण घाई. तोडलेला ऊस गाळायला जितका उशीर होईल तितके त्याचे वजन आणि साखर उतारा घटतो. वाहतुकीचे पैसे टन आणि अंतर यांवर मिळतात. कारखान्याच्या वजनकाट्यासमोर रांग असते. त्यामुळे जास्तीत जास्त खेपा मारण्यासाठी भरणे, ओढणे आणि दुरुस्ती सगळे रात्रीही चालू राहते. धोका सर्वाधिक असतो तोही रात्रीच.

सोडलेली की थांबलेली, कसे ओळखायचे?

अमेरिकेतील कलाकार ज्युलियन माँटेग्यू यांनी भरकटलेल्या शॉपिंग ट्रॉल्यांची चक्क वर्गवारी केली. पक्षी ओळखण्याच्या पुस्तकाच्या धर्तीवर लिहिलेले त्यांचे पुस्तक २००६ मध्ये आले आणि त्याला सर्वांत विचित्र शीर्षकाच्या पुस्तकासाठी दिला जाणारा ‘डायग्राम पुरस्कार’ही मिळाला. त्यांनी ट्रॉल्यांचे दोन मुख्य वर्ग केले : आज ना उद्या दुकानात परत जाणाऱ्या ‘खोट्या भटक्या’ आणि कधीच परत न जाणाऱ्या ‘खऱ्या भटक्या’. पुढे त्यांचे ३३ पोटप्रकार पाडले.

पुस्तक गमतीचे असले तरी ही विभागणी उसाच्या ट्रॉलीलाही लागू पडते. एकटी ट्रॉली दिसली तर ती काय सांगते, हे काही खुणांवरून कळते.

• भरलेली, शेताच्या वाटेच्या तोंडाशी, पुढची दांडी शेताकडे किंवा रस्त्याकडे वळलेली : जोडीची दुसरी ट्रॉली आत आहे. ट्रॅक्टर थोड्या वेळात येईल. ही ‘खोटी भटकी’. पण याच वाटेने दुसरी ट्रॉली अचानक रस्त्यावर येऊ शकते, म्हणून वेग कमी करावा.

• भरलेली, एका बाजूला झुकलेली, चाकाखाली दगड किंवा जॅक : बिघाड झाला आहे. जवळ, बहुधा ट्रॉलीखाली, माणूस असण्याची शक्यता आहे.

• रिकामी, दांडीखाली दगड किंवा लाकडाचा टेकू, टायरभोवती गवत वाढलेले : हंगाम संपल्यावर उभी केलेली. गावात अशा ट्रॉलीत कडबा साठवतात, तिच्या सावलीला शेळ्या बांधतात. रस्त्याच्या हद्दीत असेल तर हीच ‘खरी भटकी’. कोणी हलवत नाही आणि सवयीने कोणाला खटकतही नाही.

• ट्रॉली नाही, पण रस्त्यावर दोन-चार मोठे दगड : इथे ट्रॉली उभी होती. ती गेली, चाकाखाली लावलेले दगड मात्र राहिले. दुचाकीस्वारासाठी हा दगड ट्रॉलीइतकाच घातक ठरू शकतो.

रात्री एवढी मोठी ट्रॉली दिसत का नाही?

दिवसा लांबूनच दिसणारी ट्रॉली रात्री समोर येईपर्यंत दिसत नाही, यामागे साधे गणित आहे.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. समोर काहीतरी आहे हे लक्षात येऊन हात ब्रेककडे जाईपर्यंत दीड सेकंद धरला तरी २५ मीटर अंतर कापलेले असते. कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून गाडी थांबायला आणखी २० ते २५ मीटर लागतात. म्हणजे एकूण ४५ ते ५० मीटर.

डिपरच्या उजेडात मात्र धुळीने माखलेली, न चमकणारी वस्तू यापेक्षा कमी अंतरावरून नजरेस पडते. समोरून येणाऱ्या वाहनाचा अप्पर डोळ्यांवर असेल तर तेही अंतर आणखी कमी होते. दिसेपर्यंत थांबायची वेळ निघून गेलेली असते.

त्यात ट्रॉलीची स्वतःची अडचण आहे. ट्रॅक्टर सुटला की ट्रॉलीला वीज मिळत नाही. मागचा दिवा असलाच तरी तो बंद पडतो. ट्रॅक्टर जोडलेला असताना इंजिनाच्या आवाजाने आणि दिव्यांनी काही तरी कल्पना येते. सुटलेली ट्रॉली आवाजही करत नाही आणि उजेडही देत नाही. म्हणूनच तिच्यासाठी रिफ्लेक्टर हा एकच आधार उरतो.

‘रेडियम’ लावले म्हणजे झाले का?

परावर्तक पट्टीला गावोगाव ‘रेडियम’ म्हणतात. मेरी आणि पिअर क्यूरी यांनी १८९८ मध्ये शोधलेल्या रेडियम या मूलद्रव्यापासून बनवलेले रंग पूर्वी घड्याळाच्या काट्यांना लावत आणि ते अंधारात स्वतः चमकत. आजच्या पट्टीत रेडियम नसते आणि ती स्वतः चमकतही नाही. तिच्या पृष्ठभागावर काचेचे सूक्ष्म मणी किंवा लोलकासारखे बारीक आकार असतात. ते आलेला उजेड आला त्याच दिशेने परत पाठवतात.

या नावामुळे एक गैरसमज पसरतो. पट्टी आपोआप चमकेल असे वाटते. प्रत्यक्षात तिच्यावर वाहनाचा उजेड पडला तरच ती चमकते. त्यामुळे दिवा नसलेल्या सायकलवाल्याला, बैलगाडीवाल्याला किंवा पायी चालणाऱ्याला तिचा उपयोग नाही. हेडलाइट बिघडलेल्या दुचाकीलाही नाही.

पट्टी असूनही न दिसण्याची आणखी कारणे आहेत. तिच्यावर चिखल आणि धूळ बसते. ट्रॉलीच्या मागे बाहेर आलेला ऊस आणि लोंबणारे वाढे तिला झाकतात. भरताना-उतरताना घासून ती निघून जाते. हंगामाच्या सुरुवातीला लावलेली पट्टी दोन महिन्यांनी तशीच असेल याची खात्री नसते. म्हणूनच काही ठिकाणी भरलेल्या उसावर मागच्या बाजूने परावर्तक पट्ट्यांचे कापड बांधले जाते. ते ट्रॉलीच्या फळीवर नसून उसावर असल्याने झाकले जात नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रॉली हे ‘ट्रेलर’ या प्रकारातले वाहन आहे. ती शेतीचे अवजार आहे, तिला कायदा लागू नाही, ही समजूत चुकीची आहे. या कायद्यातील काही तरतुदी थेट सोडलेल्या ट्रॉलीशी संबंधित आहेत.

कलम १२२ : इतरांना धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशा जागी वा अशा स्थितीत वाहन किंवा ट्रेलर सोडून देण्यास अथवा उभा ठेवण्यास मनाई आहे. कलमात ‘ट्रेलर’ हा शब्द स्वतंत्रपणे आला आहे.

कलम १२७ : सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून अधिक काळ बेवारस उभे असलेले वाहन हलवण्याचा आदेश गणवेशातील पोलीस अधिकारी देऊ शकतो. याचा अर्थ दहा तास उभे करायला मोकळीक आहे असा नाही. वाहनामुळे रहदारीला धोका निर्माण होत असेल तर ते तत्काळ हलवण्याची तरतूद याच कलमात आहे. ओढून नेण्याचा खर्च मालकाने द्यायचा असतो.

कलम ६१ : ट्रॉलीच्या बाजूवर तिचा स्वतःचा नोंदणी क्रमांक हवा. शिवाय ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा क्रमांक ट्रॉलीवर, एकापेक्षा जास्त ट्रॉल्या असतील तर शेवटच्या ट्रॉलीवर, दिसला पाहिजे. हे पाळले गेले तर रस्त्यावरची एकही ट्रॉली निनावी राहत नाही. क्रमांकच नसेल तर मालक शोधण्यापासून सुरुवात करावी लागते.

कलम २०१ : रहदारीला अडथळा होईल असे वाहन उभे करणाऱ्याला दंडाची तरतूद आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम ५०० रुपयांपर्यंत आहे.

याशिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ नुसार सार्वजनिक रस्त्यावर धोका किंवा अडथळा निर्माण करणाऱ्याला ५ हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. निष्काळजीपणामुळे कोणाचा मृत्यू झाला तर कलम १०६ लागू होते आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची आहे.

मागून धडकणाऱ्याचीच चूक धरतात का?

अपघातानंतर ‘ट्रॉली तर उभी होती, हाच येऊन धडकला’ असे हमखास ऐकू येते. उभ्या वाहनाची चूक कशी, असा त्यामागचा सूर असतो. कायद्याची भूमिका इतकी सरळ नाही.

महाराष्ट्रात रस्त्याकडेला उलटून पडलेल्या पेट्रोल टँकरला काही तासांनी आग लागून माणसे दगावली होती. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये स्पष्ट केले की ‘वाहनाचा वापर’ म्हणजे फक्त वाहन चालू असणे नव्हे. उभ्या किंवा बंद पडलेल्या वाहनामुळे झालेला अपघातही भरपाईच्या दाव्यात येऊ शकतो.

मात्र दोघांचाही निष्काळजीपणा दिसला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण दोष वाटून देते आणि त्या प्रमाणात भरपाई कमी होते. इथे पुरावा निर्णायक ठरतो. ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर होता का, ती डांबरावर होती की साइडपट्टीवर, टेकू किंवा इशाऱ्याची खूण होती का, हे पंचनाम्यात यायला हवे. ट्रॉली हलवल्यानंतर यातले काहीच सिद्ध करता येत नाही.

दोष सिद्ध न करता मिळणारी भरपाईही आहे. कलम १६४ नुसार मृत्यू झाल्यास ५ लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपये मालक किंवा विमा कंपनीकडून मागता येतात. त्यासाठी विमा हवा. ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणजे ट्रॉलीचाही झाला, असे समजू नये. पॉलिसीत ट्रॉलीची नोंद आहे की नाही, हे हंगामाआधी पाहिलेले बरे. नोंद नसेल आणि कंपनीने हात वर केले तर ही रक्कम मालकाच्या घरावर, जमिनीवर येते.

ट्रॉलीजवळच्या माणसाचे काय?

सोडलेल्या ट्रॉलीचा बळी मागून येणाराच असतो असे नाही. टायर बदलायला जॅक लावून बसलेला चालक, उसावर झोपलेला मजूर, ट्रॉलीच्या आडोशाला थांबलेली टोळी, सगळेच धडकेच्या टप्प्यात असतात.

बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात आणि हंगाम संपला की परततात. जाता-येता भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या आणि लेकरे याच ट्रॉल्यांत असतात. रस्त्यात ट्रॉली बंद पडली तर आख्खे कुटुंब रात्रभर रस्त्याकडेला बसलेले असते. त्यामुळे मागच्या रिफ्लेक्टरवर ट्रॉलीतल्या माणसांचाही जीव अवलंबून असतो.

मग जबाबदारी अडते कुठे?

कारखान्याला ऊस वेळेवर हवा असतो. वाहतुकीचा करार ट्रॅक्टरमालकाशी असतो. मालक मुकादमाला उचल देतो, मुकादम टोळी आणतो. ट्रॅक्टर चालवणारा बऱ्याचदा पगारी चालक असतो. ट्रॉली काही वेळा भाड्याची असते.

या साखळीत रिफ्लेक्टरचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न प्रत्येक जण पुढच्याकडे ढकलतो. पट्टी महाग नाही. पण ती लावल्याने कोणाची खेप वाढत नाही आणि न लावल्याने त्या दिवशी कोणाचे बिल अडत नाही. रस्त्यावर ट्रॉली सोडण्याचा फायदा लगेच मिळतो, तोटा मात्र अनोळखी माणसाला होतो.

परदेशात एका नाण्याने काय साधले?

शॉपिंग ट्रॉली १९३७ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने आणली. सुरुवातीला गिऱ्हाईक ती वापरायला लाजत. म्हणून दुकानात ट्रॉली ढकलत फिरायला माणसे नेमावी लागली होती. पुढे ती इतकी रुळली की लोक घरापर्यंत नेऊन वाटेत सोडू लागले.

यावर दोन उपाय झाले. पहिला, नाण्याचे कुलूप. ट्रॉली सोडवायला त्यात एक नाणे घालायचे, परत आणून साखळीला अडकवली की नाणे परत मिळते. आल्डीसारखी दुकाने ही पद्धत वापरतात. नाणे किरकोळ असते, तरीही बहुतेक लोक ट्रॉली परत आणतात, कारण आता परत आणण्यात प्रत्येकाचा स्वतःचा काहीतरी हिस्सा असतो.

दुसरा उपाय ब्रिटनने केला. तेथील १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्यानुसार स्थानिक परिषदा बेवारस ट्रॉली जप्त करून तिचा खर्च मालकाकडून, म्हणजे दुकानाकडून, वसूल करू शकतात. ट्रॉली कोणी टाकली हे शोधत बसायचे नाही, जिची ट्रॉली तिची जबाबदारी.

उसाच्या ट्रॉलीला नाण्याचे कुलूप बसणार नाही. पण तिथेही असे एक ठिकाण आहे जिथे प्रत्येक ट्रॉली थांबतेच : कारखान्याचा वजनकाटा. हंगामाच्या सुरुवातीला आरटीओ, पोलीस आणि कारखाने मिळून रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा घेतात. त्या उपयोगी आहेत. मात्र एकदा लावलेली पट्टी हंगामभर टिकत नाही. काट्यावर दर खेपेला मागची पट्टी आणि क्रमांक पाहिला गेला, नसेल तर तिथेच लावून त्याचे पैसे बिलातून कापले गेले, तर साखळीतल्या प्रत्येकाला आपला हिस्सा कळेल.

ट्रॉली सोडावीच लागली तर चालकाने काय करावे?

• शक्यतो डांबर सोडून पूर्ण साइडपट्टीवर घ्यावी. वळणावर आणि पुलावर सोडू नये.
• मागे किमान ५० मीटरवर इशाऱ्याचा त्रिकोण ठेवावा. तो नसेल तर झाडाच्या फांद्या ठेवाव्यात. थांबायला लागणारे अंतरच तेवढे आहे.
• मागची पट्टी फडक्याने पुसावी, तिच्यावर आलेले वाढे कापून टाकावेत.
• टायर बदलताना रहदारीच्या बाजूला बसावे लागत असेल तर एकाने मागे बॅटरी घेऊन उभे राहावे.
• निघताना चाकाखालचे दगड आणि फांद्या उचलून रस्त्याबाहेर टाकाव्यात.

वाटसरूने काय करावे?

• अंधारात सोडलेली ट्रॉली दिसली तर ११२ वर कळवावे. राष्ट्रीय महामार्गावर असल्यास १०३३ हाही क्रमांक आहे. जवळचे गाव किंवा किलोमीटरचा दगड सांगावा.
• आपले वाहन ट्रॉलीच्या अगदी मागे थांबवू नये. रस्त्याबाहेर उभे करून मगच फोन करावा.
• अपघात झाला असेल तर आधी जखमींसाठी १०८ ला फोन करावा. नंतर शक्य असेल तर ट्रॉलीच्या मागच्या बाजूचे आणि क्रमांकाचे फोटो काढावेत.
• मदत केल्यामुळे आपण अडकू, ही भीती बाळगू नये. कलम १३४-अ नुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही.